बिनतारीचा रुसवा

शिरोलीहून आलेले एक पत्र पुढ्यात आहे. लिहिणाऱ्या भगिनी तिथल्या एमआयडीसीतील एका लहान फौंड्रीत हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळतात. ओतीव भाग तयार व्हायचे, टेंपोत भरायचे, पुण्याच्या बाजूला धाडायचे, असा तिथला नित्यक्रम. माल भरला की या बाईंनी लॅपटॉप उघडून ई-वे बिल काढायचे, कागद ड्रायव्हरच्या हाती द्यायचा आणि मगच गाडीने फाटक ओलांडायचे. गेले काही महिने या क्रमात विघ्न शिरले आहे. नेमक्या वेळी लॅपटॉपचे वायफाय नाहीसे होते. कधी दोन मिनिटांत परत येते, कधी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज येतच नाही. तोवर गाडी उभी, ड्रायव्हर उभा, आणि आत मालक येरझाऱ्या घालताहेत.

पत्राचा पुढचा भाग घरगुती आहे, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटला. लॅपटॉप जुना, त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, आणि विंडोज ११ ला हा म्हातारा लॅपटॉप पसंत पडेना. तेव्हा बाईंच्या भाच्याने, तो कोल्हापुरातच इंजिनिअरिंग शिकतो, सुट्टीत बसून त्यावर लिनक्स चढवून दिले. पैसा एक लागला नाही. लॅपटॉप पूर्वीपेक्षा चपळ झाला. मालकांनी मुलाची पाठ थोपटली. आता तेच मालक म्हणतात, "फुकटचं ते फुकटचंच. घाला भंगारात आणि नवा आणा." बाई लिहितात, "लॅपटॉपचे काय, तो कधीतरी जायचाच. पण पोरगा आता कारखान्याच्या बाजूला फिरकत नाही. लिनक्सवर वायफाय नीट चालतच नाही असे चार लोक सांगतात, ते खरे आहे का?"

एरवी या सदराला एक पान मिळते आणि त्यात उत्तर आटपावे लागते. दिवाळी अंकाची जागा ऐसपैस. शिवाय विंडोज १० ची मुदत संपल्यापासून याच तक्रारीची पत्रे पुणे, ठाणे, नाशिक, बेळगाव अशी चहूकडून येत आहेत. तेव्हा या वेळी चकली-कडबोळ्यांच्या सोबतीला हेच प्रकरण घेऊ.

फाटकाशी उभा असलेला ड्रायव्हर सर्वांना दिसतो. लॅपटॉपच्या पोटातला ड्रायव्हर दिसत नाही, आणि नाव सारथ्याचे असले तरी त्याचे खरे काम दुभाष्याचे आहे. वायफाय म्हणजे एक छोटा बिनतारी रेडिओ. ऐकणाराही आणि बोलणाराही. तो एका चिपमध्ये बसवलेला असतो, आणि त्या चिपला तिच्या कारखान्यात घडवलेली बोली तेवढी कळते. वर राज्य करणाऱ्या विंडोजला किंवा लिनक्सला ती बोली येत नाही. मध्ये दुभाष्या हवा. चिप करणारी कंपनी विंडोजसाठी दुभाष्या स्वतः तयार करून देते, कारण गिऱ्हाईक तिकडे जास्त. लिनक्ससाठी काही कंपन्या मनापासून देतात, काही अर्धवट देतात, आणि काहींनी वर्षानुवर्षे दिलाच नाही.

या दुभाष्याबरोबर आणखी एक वस्तू लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक वायफाय चिपांची स्मरणशक्ती बेताची असते. लॅपटॉप सुरू झाला की दर वेळी नव्याने, आज काय काय करायचे, याची यादी त्यांच्या कानात सांगावी लागते. मुकादम रोज सकाळी गड्यांना काम वाटून देतो, तसेच हे. ही यादी चिपच्या कंपनीकडूनच यावी लागते. दुभाष्या हजर आणि यादी गैरहजर, असे झाले तरी वायफाय मुकेच राहते.

चार लोक जे सांगतात ते वीस वर्षांपूर्वी पुष्कळ खरे होते. लिनक्सचा जन्म १९९१ चा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केले. वायफायचे पहिले प्रमाण ठरले १९९७ साली. म्हणजे लिनक्स थोरले आणि वायफाय धाकटे, आणि या भावंडांचे बरेच दिवस पटले नाही. ब्रॉडकॉम या अमेरिकन कंपनीच्या चिपा त्या काळी पुष्कळ लॅपटॉपांत असत, आणि लिनक्ससाठी उघडा दुभाष्या देणे तर दूरच, चिपची माहितीही कंपनी देईना. तेव्हा काही चिकट प्रोग्रॅमरांनी कंपनीचा तयार ड्रायव्हर कसा वागतो हे तासन् तास न्याहाळून चिपची बोली स्वतः उलगडली. २००६ च्या जूनमध्ये त्यांचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. पण फर्मवेअर वाटायची मुभा नव्हती, म्हणून ज्याने त्याने ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून, एका छोट्या कात्रीवजा प्रोग्रॅमने, आपले आपण कापून घ्यायचे! दुसरी एक युक्ती होती तिचे नाव एनडीआयएसरॅपर. तीत विंडोजचाच दुभाष्या धरून आणायचा आणि लिनक्सचा अंगरखा घालून त्याला उभा करायचा. नाटक कंपनीत आयत्या वेळी दुसऱ्या गावचा नट आणून उभा करावा, तसे. चालला तर चालला, पण तो मधेच कुठली वाक्ये म्हणेल याचा नेम नसे. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः उघडा ड्रायव्हर दिला आणि ही कसरत हळूहळू मागे पडली. त्या दिवसांत ज्यांनी हात भाजून घेतले ते अजून ताक फुंकून पितात, आणि त्यांनाच आपण जाणकार समजून सल्ला विचारतो.

फर्मवेअरचीही एक गंमत होती. डेबियन नावाचे लिनक्स आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने काढलेले 'बॉस' लिनक्स याच डेबियनवर बेतलेले आहे. डेबियनवाले तत्त्वाचे पक्के. ज्या प्रोग्रॅमचा अंतर्भाग सर्वांना पाहता येत नाही, तो आपल्या मुख्य तबकडीत ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. फर्मवेअर त्यात बसेना. त्यामुळे नवा माणूस पेचात सापडे. वायफाय चालायला फर्मवेअर हवे, फर्मवेअर आणायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटला वायफाय हवे. अखेर २०२२ साली त्यांनी रीतसर मतदान घेतले, कौल व्यवहाराच्या बाजूने पडला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर बरोबरच मिळू लागले. तत्त्वनिष्ठ मंडळींची यात थोडी हार झाली खरी, पण गृहस्थाश्रमी माणसाची सोय झाली.

आजही कुणी या पेचात सापडला तर त्याची सुटका खिशातच असते. मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. लॅपटॉपला इंटरनेट तारेतून मिळते, वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. अडलेली गाडी फाटकाबाहेर काढायलाही हा उपाय उत्तम, आणि बाईंना मी पहिल्याच दिवशी तो फोनवरून सांगितला. रोग तसाच राहिला, पण आरडाओरड थांबली. आणि आरडाओरड थांबल्याशिवाय कुठलेच निदान धड होत नाही.

कोल्हापूरला जाणे होतेच, म्हणून एक दुपार मोकळी ठेवून पंचगंगेचा पूल ओलांडला आणि शिरोली गाठली. गावाचे नावच पुलाची शिरोली. महामार्गाच्या अंगाला फौंड्र्या, मशीन शॉप, वजनकाटे, आणि हवेत तापलेल्या वाळूचा तो एक खमंग-करपट वास. या भागातल्या माणसाला दोष शोधणे शिकवावे लागत नाही. ओतलेल्या भागात भोके निघाली तर फोरमन लोखंडाला शिव्या घालत बसत नाही. भोके कुठल्या अंगाला आहेत ते पाहतो. वाळूत पाणी जास्त झाले का, साच्यातून वायू निघून जायला वाट कमी पडली का, हे विचारतो. दोन धारा मधेच गोठून सांधा राहिला असेल तर रस थंड पडला होता का, ओतणारा मधेच थांबला का, ते पाहतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. कारण वाळूही बदलली, रसही बदलला आणि माणूसही बदलला, तर भाग चांगला निघूनसुद्धा कशामुळे निघाला हे कळत नाही. वायफायचे निदान याहून निराळे नाही. मालकांना मी हे सांगितले तेव्हा ते प्रथमच लॅपटॉपकडे जरा आपुलकीने पाहू लागले.

पहिला प्रश्न असा की दोष लॅपटॉपचा की हवेचा? लॅपटॉपच्या शेजारी मोबाइल ठेवून तोच वायफाय त्यावर लावायचा. दोघांचाही दुवा एकदम तुटला तर लॅपटॉप निर्दोष. राउटर किंवा इंटरनेट देणारा यांच्याकडे बोट. मोबाइल चालू आणि लॅपटॉप गप्प, तर दोष आपल्या घरात. दुसरा प्रश्न, केव्हा तुटतो? बाईंनी आठ दिवसांची टिपणे ठेवली होती, आणि ती इतकी व्यवस्थित होती की पगारी तंत्रज्ञाने हेवा करावा. त्यांवरून दिसले ते असे. घरी, राजारामपुरीत, लॅपटॉप दहा मिनिटे नुसता पडून राहिला की वायफायची खूण दिसते पण पान उघडत नाही. कारखान्यातल्या कचेरीतही तेच. परंतु वजनकाट्याच्या केबिनमध्ये मात्र काम चालू असतानाच दुवा तुटतो. आणि महिन्या-दीड महिन्यात एखादा दिवस असा येतो की वायफायची खूणच गायब.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की ही एक तक्रार नाही, तीन आहेत. तीन रोग एकाच रोग्याला, आणि सगळे मिळून बदनाम झाले लिनक्स.

तिसरीपासून सुरुवात केली, कारण ती मुळाशी होती. रोग्याचे नाव आधी कळले पाहिजे. लॅपटॉपवर कोणत्या कंपनीची पाटी आहे याला इथे अर्थ नाही; आतली वायफाय चिप कोणाची, हे हवे. लिनक्सच्या टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत रोमन लिपीतील लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय अशी पाच अक्षरे लिहायची, मग मोकळी जागा, आडवी रेघ, आणि एन, एन, के. एंटर दाबले की लॅपटॉपमधल्या झाडून साऱ्या अवयवांची यादी येते. तीत 'नेटवर्क कंट्रोलर' असे जिथे असेल तिथे चिपचे नाव असते, चौकोनी कंसात चार-चार अक्षरांचा जोड क्रमांक असतो, आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या शब्दांपुढे हजर दुभाष्याचे नाव. ती ओळच दिसली नाही तर दुभाष्या गैरहजर आहे असे समजावे. या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. सल्ला विचारायला जाताना 'माझे वायफाय चालत नाही' एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना 'बरे वाटत नाही' सांगण्यासारखे आहे.

या लॅपटॉपात ओळ होती, पण दुभाष्या परका निघाला. लिनक्सबरोबर येणारा घरचा ड्रायव्हर तो नव्हता. बाहेरून आणून हाताने बसवलेला होता. भाच्याला बोलावून घेतले. मुलगा संकोचतच आला आणि मग हळूहळू बोलू लागला. मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हवर लिनक्सची जी आवृत्ती होती ती पाच वर्षांपूर्वीची. तिला ही चिप ओळखता येईना. म्हणून त्याने बाहेरचा ड्रायव्हर आणून बसवला. आता असे पहा, बाहेरचा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या ज्या गाभ्यासाठी, बांधला त्याच्याशीच त्याचे जमते. सुधारणांबरोबर नवा गाभा आला की ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस नावाची सोय आहे, ती त्याने लावली नव्हती. त्यामुळे दर नव्या गाभ्यागणिक वायफाय गायब, आणि दर वेळी हा मुलगा रविवारी गुपचूप कारखान्यात येऊन ड्रायव्हर पुन्हा बांधून जाई. मावशीला बोल लागू नये म्हणून कुणाला सांगितले नाही. शेवटी परीक्षा आल्या, रविवार मिळेना. तो फिरकत नव्हता तो यामुळे.

मालक हे ऐकत उभे होते. काही बोलले नाहीत, चहा मात्र त्यांनी स्वतः आणून दिला.

उपाय सोपा होता. लिनक्सची ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवर न चढवता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. ही सोय फार मोलाची आहे. जुन्या संसाराला हात न लावता नव्याची परीक्षा घेता येते. वायफाय तात्काळ दिसले, कारण मधल्या काळात या चिपचा ड्रायव्हर खुद्द लिनक्सच्या गाभ्यातच येऊन बसला होता. असे पुष्कळदा घडते. रियलटेकच्या ८८२१सीई या चिपेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सुरुवातीला तिचा ड्रायव्हर बाहेरून आणावा लागे, २०२० साली तो गाभ्यात आला. मीडियाटेकची ७९२१ ही चिप २०२१ साली आली. म्हणून नव्या लॅपटॉपावर जुने लिनक्स चढवू नये. आणि बाहेरचा ड्रायव्हर बसवण्याआधी घरचा आहे का, हे आधी पाहावे. दोघेही राहिले तर एकाच चिपवर हक्क सांगतात, आणि मग घरात दोन सुना आणि एक चूल असा प्रकार होतो.

ज्यांना बाहेरच्या ड्रायव्हरखेरीज गत्यंतर नाही त्यांच्यासाठी एक सूचना. डीकेएमएस लावूनही ड्रायव्हर उठत नसेल तर लॅपटॉपमधली 'सिक्युअर बूट' ही राखणदारी तपासावी. सही-शिक्का नसलेल्या ड्रायव्हरला ती दारातूनच परत पाठवते. बसवताना एक परवलीचा शब्द विचारला जातो, आणि पुढल्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच शब्द देऊन ड्रायव्हरची किल्ली नोंदवायची असते. घाईत लोक तो पडदा ओलांडून पुढे जातात आणि मग महिनाभर कारण शोधत बसतात.

दुसऱ्या तक्रारीकडे वळू, म्हणजे स्वस्थ पडलेल्या लॅपटॉपचे वायफाय झोपी जाण्याकडे. ताज्या लिनक्सवरही ती शिल्लक राहिली. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाक देत असतो. वीज वाचवण्यासाठी चिप दोन हाकांच्या मधे डुलकी घेते आणि हाकेला जागी होते. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचा मेळ चांगला असला तर हे बिनबोभाट चालते. नसला तर चिप हाक चुकवते, राउटर तिला गैरहजर मांडतो, आणि लॅपटॉपला बिचाऱ्याला वाटत राहते की आपण अजून वर्गातच आहोत. उबुंटू आणि तिच्या घराण्यातल्या लिनक्सांत ही वीजबचत मुळात सुरू ठेवलेली असते. 'ईटीसी' या फोल्डरात 'नेटवर्कमॅनेजर', त्याच्या पोटात 'कॉन्फ डॉट डी', आणि तिथे नावातच 'वायफाय पॉवरसेव्ह ऑन' असलेली एक फाइल. तीत ३ हा आकडा असतो, त्याच्या जागी २ लिहायचा. तीन म्हणजे सुरू आणि दोन म्हणजे बंद, हा हिशेब कुणी ठरवला देव जाणे, पण तो तसाच आहे. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की झाले. बॅटरी किंचित लवकर उतरेल, तेवढे सोसावे.

हा बदल करण्यापूर्वी आणि नंतर लिनक्सची रोजनिशी वाचून घेतली. 'जर्नलसीटीएल' किंवा 'डीमेसेज' या आज्ञांनी ती उघडते. दुवा तुटला ती वेळ बघून त्या वेळच्या नोंदी वाचाव्यात. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते निम्मे निदान इथेच आहे. तुटण्याचे कारण तिथे आकड्यात लिहिलेले असते. कारण ४ म्हणजे राउटरने 'बराच वेळ हालचाल नाही' म्हणून नाव काढले. बाईंच्या रोजनिशीत हाच आकडा ओळीने उभा होता, म्हणून झोपेचा संशय बळावला. कारण १५ म्हणजे हस्तांदोलन पुरे झाले नाही, आणि त्यामागे बहुधा चुकलेला पासवर्ड असतो. ड्रायव्हरला दोष देऊ नये. 'फर्मवेअर लोड करता आले नाही' अशी ओळ असेल तर कामाची यादी हरवली आहे, ती आणून द्यावी.

राहिली वजनकाट्याची केबिन. काट्यावरचे गृहस्थ ठाम होते. "भट्टी लावली की नेट पळतंय बघा." इंडक्शन भट्टी समोरच, त्यामुळे संशय साहजिक. पण भट्टीतला विद्युतप्रवाह सेकंदाला काही शे ते काही हजार वेळा उलटसुलट होतो, आणि वायफायच्या लहरी दोनशे चाळीस कोटी वेळा. दोघांची बोली इतकी वेगळी की भट्टीने थेट वायफायच्या संभाषणात तोंड घालण्याचे कारण नाही. भट्टीमुळे विजेचा दाब खालीवर होऊन राउटरच बंद-चालू होत असेल तर गोष्ट निराळी, परंतु तसे झाले तर सगळ्यांचेच नेट जाईल. इथे मोबाइल चालू होता.

अपराधी टेबलावरच होता. केबिनमध्ये बाई रोजच्या नोंदींची नक्कल घ्यायला एक यूएसबी ३ जातीची हार्ड डिस्क लावत, अगदी लॅपटॉपच्या डाव्या कडेला. या जातीच्या जोडणीतून नेमक्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट सुटतो. इंटेल कंपनीने २०१२ सालीच एका निबंधात हे मांडले आहे. त्यात केबिन पत्र्याची. पत्रा वायफायला जवळजवळ आरपार जाऊ देत नाही, म्हणून येणारा आवाज आधीच क्षीण, आणि वर कानाशी हा गोंगाट. मोबाइल त्या मानाने हातभर लांब होता, म्हणून तगला. डिस्क लांब तारेने पलीकडच्या कडेला नेली, आणि कचेरीतला राउटर लोखंडी कपाटाच्या मागून काढून खिडकीशी टांगला. एवढ्याने भागले. घरोघरी मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. दूध तापवताना नेट मंदावत असेल तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

तीन दोष, तीन उपाय, आणि नवी वस्तू विकत घ्यावी लागली ती एक लांब तार. दसऱ्यानंतर बाईंचे पत्र आले, त्यात पाच आठवड्यांत गाडी एकदाही अडली नसल्याचे लिहिले होते. भाच्याने कारखान्यातला दुसराही जुना संगणक मागून घेतला आहे म्हणे.

इतर पत्रांतून आलेल्या काही तक्रारी थोडक्यात निकालात काढतो. ठाण्याच्या एका वाचकांना शेजाऱ्यांची सगळी वायफाय दिसतात, स्वतःचे दिसत नाही. त्यांच्या लॅपटॉपला आपण भारतात आहोत हेच माहीत नसावे. प्रत्येक देशात बिनतारीचे कोणते रस्ते खुले, याचे कायदे वेगळे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली बिनपरवाना झाला. (घरातल्या रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे ते दिवस ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील.) आपल्याकडे १३ रस्ते खुले आहेत, अमेरिकेच्या यादीत ११. राउटर बाराव्या-तेराव्या रस्त्यावर गेला आणि लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असला तर भेट व्हायची कशी? लिनक्सला देश भारत असल्याचे सांगावे, नाहीतर राउटरलाच पहिल्या, सहाव्या किंवा अकराव्या रस्त्यावर बसवावे. नाशिकच्या एका भगिनींचे वायफाय राउटरच्या शेजारी बसले तरच चालते. त्यांची चिप रियलटेकची ८७२३बीई आहे. या चिपेला अँटेनाची दोन टोके असतात, काही लॅपटॉपांत तार एकाच टोकाला जोडलेली असते, आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकाला कान लावून बसतो. ड्रायव्हरला 'एएनटी सिलेक्ट' हा पर्याय १ किंवा २ असा देऊन पाहावा. दोन्हींपैकी एकाने दांड्या एकदम भरतात. बेळगावच्या वाचकांनी मात्र काही करण्याआधी कळफलकावरची विमानाची खूण असलेली कळ एकदा दाबून पाहावी. रागावू नये, 'आरएफकिल' या आज्ञेने त्यांनी जी माहिती पाठवली आहे, तिच्यावरून वायफाय त्या कळीनेच बंद झालेले दिसते.

इचलकरंजीच्या वाचकांना चिपच बदलायची आहे. लॅपटॉप उघडून आत दुसरे कार्ड घालता येते, पण काही जुने लॅपटॉप आपल्या यादीबाहेरचे कार्ड स्वीकारत नाहीत, आणि इंटेलची एएक्स २०१, एएक्स २११ यांसारखी काही कार्डे ठरावीक इंटेल लॅपटॉपांतच चालतात, हे आधी पाहून घ्यावे. त्यापेक्षा यूएसबीला लावायचा डोंगल सोपा. तो घेताना कंपनी विचारू नये, चिप विचारावी. मीडियाटेकच्या ७६१२यू आणि ७९२१एयू या चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. आणि नुसत्या मॉडेलच्या नावावरही जाऊ नये. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन ७२२एन हा डोंगल पहिल्या आवृत्तीत एथरॉस चिपेचा होता आणि लिनक्सवाल्यांचा लाडका होता. दुसऱ्या आवृत्तीपासून खोके तेच, नाव तेच, आत चिप रियलटेकची. म्हणून दुकानात खोके उलटे करून आवृत्तीचा आकडा स्वतः वाचावा, जमल्यास लॅपटॉप बरोबर न्यावा आणि डोंगल तिथेच लावून पाहावा. दुकानदाराने कुरकुर केली तर पावतीवर 'न चालल्यास परत' एवढे लिहून घ्यावे.